कड्यावरच्या बंगल्यांची घरपट्टी

गेल्या मे महिन्यात मिरजोळ्याला भाच्याच्या घरी आमरसाचं जेवण झालं आणि ओटीवर बसलेल्या मंडळींत वाद पेटला. श्रीमंतांवर कर वाढवला तर सरकारची तूट भरून निघेल की नाही, हा विषय. भाचा इंजिनीअर. तो म्हणाला, "कर वाढवलात की पैसेवाले बॅगा भरून दुबईला जातील. हातात राहील काय?" त्याचे सासरे बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "जाऊ देत ना! जाण्याआधी घ्या त्यांच्याकडून. दोन वर्षांत तूट साफ." मग अमेरिका झाली, युरोप झाला, टीव्हीवरचे अर्थतज्ज्ञ झाले. मी आत फणसाचे गरे काढत बसले होते. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की बाबांनो, हा प्रयोग मी स्वतः करून पाहिलाय. दिल्लीत नाही, ग्रामपंचायतीत. पण सरकार लहान असो की मोठं, त्याला पगार द्यावे लागतात, दिवे लावावे लागतात आणि पाणी आलं नाही की लोक त्यालाच शिव्या घालतात.

मी ग्रामसेविका होते. आमच्या बौद्धवाडीतून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे आईची समजूत अशी की मी कलेक्टरच्या एक पायरी खाली आहे. खऱ्या पायऱ्या मी तिला कधी मोजून दाखवल्या नाहीत. ग्रामसेवक म्हणजे गावाचा चिटणीस, हिशेबनीस, निरोप्या आणि वेळ पडली तर भांडण सोडवणारा. सरपंच निवडून येतात आणि जातात. ग्रामसेवकाची मात्र बदली होते, म्हणजे तो जातो आणि दुसरीकडे तेच करतो.

ज्या गावची ही गोष्ट, त्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला कुळीथ नि कोकमं पाठवतात, आणि ती बंद व्हावीत अशी माझी इच्छा नाही. रत्नागिरीपासून फार लांब नाही. खाली नदी, तिच्या काठाला भातशेती नि वाड्या, वर कातळाचा सडा, आणि सडा जिथे समुद्रात तुटतो त्या कड्यावर मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले. बंगल्यांच्या काचा संध्याकाळी अशा चमकायच्या की खालच्या वाडीतली पोरं त्यांना 'विमानतळ' म्हणायची.

मी तिथे रुजू झाले तेव्हा सरपंच होत्या सुगंधा गोताड. शिक्षण सातवी, शेती स्वतःची, आवाज नदीच्या पलीकडे जाईल असा. सगळे त्यांना वहिनी म्हणत, मीही म्हणायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर विजेचं बिल ठेवलं.

"मॅडम, ह्याचा काय करायचा आता?"

गावाला नळपाणी योजना होती. नदीकाठच्या विहिरीतून पंपाने पाणी सड्यावरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून ते उताराने वाड्यांत सोडायचं. पाणी फुकट, पण ते वर चढवणारी वीज फुकट नाही. बिल कित्येक महिन्यांचं थकलं होतं. बाहेरच्या माणसाला एक गंमत सांगते. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तूट दाखवता येत नाही, शेवटच्या ओळीला शिल्लकच लागते. मोठ्या सरकारांची तूट पेपरात छापून येते. आमची तूट विजेच्या बिलात लपून बसते आणि एक दिवस वायरमन येऊन ती जाहीर करतो.

मी घरपट्टीची यादी काढून बसले. वहिनी समोर बसून नावं ऐकत होत्या. कड्यावरच्या एका बंगल्याचं नाव आलं, त्याची घरपट्टी मी वाचली, आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा. परत वाचा."

मी परत वाचली.

"आणि आमच्या गोठ्यासकट घराची?"

तीही वाचली. दोन्हींत फरक होता तो चहा-भज्यांच्या पैशांएवढा.

झालं होतं असं, की बंगले बांधायला घेतले तेव्हा जोत्याची मोजणी झाली आणि पुढे सगळे मजले, गच्च्या, पोर्च कागदावर चढायचे राहून गेले. कागदोपत्री कड्यावर सगळीकडे 'बांधकाम चालू' होतं. आत एसी चालू होते.

"एवढे इमले बांधलानी आणि पट्टी आमच्याएवढीच?" वहिनी म्हणाल्या. "वाढवा."

वाढवायची म्हणजे मनाला येईल तशी नाही. इमारतीची किंमत सरकारी दराने काढायची, तिच्यावर दर हजारी कर बसवायचा. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती हे सरकार ठरवतं, मधला दर ग्रामपंचायत ठरवते. फेरआकारणीचं वर्ष होतंच. ग्रामसभेत ठराव आला: मातीच्या नि कौलारू घरांचा दर आहे तोच, स्लॅबच्या घरांचा कमाल. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारच्या शाळेतले गुरुजी काय झालं ते बघायला आले. टाळ्या का होत्या ते उघड होतं. प्रत्येकाला वाटत होतं, भरणार दुसरा आणि पाणी येणार आपल्याला.

दिवाळीनंतर आम्ही टेप घेऊन मोजणीला निघालो. मी, वहिनी आणि ग्रामपंचायतीचा शिपाई. पहिला बंगला इनामदारांचा. हे पुण्याचे कारखानदार, सत्तरीकडे झुकलेले, बंगला कड्यावरचा सगळ्यात मोठा. ते नव्हते, पण त्यांचा व्यवस्थापक होता. त्याने सगळं नम्रपणे दाखवलं. मागच्या अंगणात गेलो तर निळ्या फरशीचा भलामोठा पोहण्याचा तलाव.

"हा यादीत नाही," मी म्हणाले.

"मॅडम, ते शेततळं आहे," व्यवस्थापक म्हणाला. "आंब्याच्या कलमांना पाणी लागतं ना."

वहिनी काठावर जाऊन उभ्या राहिल्या. तलावाच्या एका टोकाला स्टीलची चकचकीत शिडी होती. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"आणि ह्यी शिडी? कलमा उतरतात काय आंघोळीला?"

शिपाई इतका हसला की त्याच्या हातची टेप तलावात पडली. व्यवस्थापकाने जाळीने काढून दिली. नंतर तोही हसला. तलाव यादीत चढला.

दुसरी मोजणी सुर्व्यांची. सुर्वे गावचेच. कड्याच्या अलीकडे त्यांनी आठ खोल्या बांधून पर्यटकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. राहत्या घराला एक दर आणि धंद्याच्या जागेला त्याहून जास्त. आम्हाला बघताच सुर्व्यांनी फाटकावरचा बोर्ड पाठमोरा फिरवला.

"मॅडम, धंदा कसला? हे सगळे पाहुणे आहेत."

समोरच्या गॅलरीत एक पगडीवाले सरदारजी सहकुटुंब पोहे खात होते.

"हे कोण तुमचे?" मी विचारलं.

सुर्व्यांनी गॅलरीकडे एकदा बघून घेतलं. "आत्याच्या जावेकडचे."

सरदारजींनी मान डोलवून आम्हाला नमस्कार केला. पोहे त्यांना फार आवडले होते. आम्ही धंदा म्हणून आकारणी केली, तर महिनाभरात चार खोल्या सुर्व्यांच्या भावाच्या नावे झाल्या आणि दोन खोल्यांत सुकं गवत भरलं गेलं. तेव्हा मला पहिला धडा मिळाला. घर हलत नाही, म्हणून घरावरचा कर बसतो. धंद्याला मात्र पाय असतात. भाचा दुबईबद्दल जे म्हणाला, ते अगदीच खोटं नाही. आमच्याकडे दुबई भावाच्या नावापर्यंतच होती, एवढाच फरक.

नोटिसा गेल्या, हरकती आल्या. सुनावणी ग्रामपंचायतीच्या पुढच्या खोलीत होती. सगळ्यात आधी आल्या द्रौपदीकाकू. खालच्या वाडीतल्या एकट्या विधवा बाई. मुलाने मुंबईत सुरक्षारक्षकाची नोकरी करून, कर्ज काढून गावात स्लॅबचं घर बांधलं, आणि हप्ते फेडता फेडता आईला पैसे पाठवायचे बंद झाले. काकू सोललेल्या सुपाऱ्या विकून जगत होत्या. त्यांनी नोटीस टेबलावर ठेवली.

"बाय माझे, डोक्यावर स्लॅब आला म्हणून मी श्रीमंत झाले काय?"

ठरावात 'श्रीमंत' असा शब्दच नव्हता, 'स्लॅब' होता. कायद्याला छप्पर दिसतं, चूल दिसत नाही. मोजणी पुन्हा केली, घराचा जुनेपणा धरून घसारा लावला, जेवढं नियमात बसलं तेवढं खाली आणलं. तरी जुन्या पट्टीपेक्षा ती जास्तच राहिली. काकूंनी ती भरली, दोन हप्त्यांत, आणि दोन्ही वेळा पावती नीट वाचून घेतली. मोठ्यांवर टाकलेल्या जाळ्यात अशी लहान मासळी येते. ती बाजूला काढायची सोय आधी करायला हवी होती, हे मला आजही बोचतं.

तोवर जानेवारी उजाडला आणि वायरमनने पंपाची वीज तोडली. नळ कोरडे पडले. वाड्यांतल्या बायका भल्या पहाटे डोंगराच्या कुशीतल्या झऱ्यावर हंडे घेऊन रांगेला लागल्या. मी येताजाता दिसले की कुणी काही बोलत नसे. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवसांत इनामदारांची सुनावणी झाली. ते स्वतः आले, बरोबर वकील. उंच, पांढरे केस, बोलणं मुद्देसूद. वकिलाला त्यांनी हातानेच थांबवलं.

"मॅडम, मी वर्षातून जेमतेम पंधरा दिवस इथे राहतो. पाणी माझ्या बोअरचं. कचरा माझी माणसं उचलतात. माझी मुलं इथल्या शाळेत शिकली नाहीत. मग ग्रामपंचायत मला देते काय, की मी एवढा वाढीव कर भरावा?"

खरं सांगायचं तर प्रश्न बिनतोड होता. मी नियम सांगायला तोंड उघडलं. पण वहिनींनी मध्येच विचारलं,

"साहेब, तुमी पंधरा दिवस रहाताव. बाकीच्या दिवसांत बंगला कोन बगतो?"

"माळी आहे. शंकर."

"शंकर कुठला?"

"इथलाच. खालच्या वाडीतला."

"मग तो पानी कुठला पितो?"

वहिनींनी आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाजही रस्त्यावर ऐकू जातो.

"नळ बंद हायत, साहेब. शंकरची बायको आजारी. हंडे तोच आनतो झऱ्यावरनं. मगच तुमच्या कलमांकडं येतो."

"म्हणून तो हल्ली उशिरा येतो?" इनामदार म्हणाले. "मी त्याला कालच झापलं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथे ग्रामपंचायतीचा चढावाचा रस्ता होता, त्याच्यावरूनच त्यांची गाडी आली होती. मग म्हणाले, "वकीलसाहेब, हरकत मागे घ्या. मी भरतो." आणि माझ्याकडे वळून, "पण एक अट. अट नव्हे, हक्क म्हणा. माझ्या कारखान्यात पैसा कुठे जातो ते मी विचारतो. इथेही येऊन विचारणार."

"या की," वहिनी म्हणाल्या. "ग्रामसभा सगळ्यांचीच असते."

इनामदारांनी भरली म्हटल्यावर कड्यावरच्या बाकीच्यांनीही एकेक करून भरली. एका डॉक्टरीणबाईंनी तर मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवले आणि विचारलं, "एवढीच? मुंबईत आमचा सोसायटीचा मेंटेनन्स ह्याच्यापेक्षा जास्त आहे." मी मनात म्हटलं, बाई, हे मोठ्याने बोलू नका, सरपंच ऐकतील.

सगळी रक्कम जमल्यावर आम्ही दोघी हिशेबाला बसलो. आणि तोंडं उतरली. थकलेल्या बिलाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग भरून निघत होता. बस. टाळ्या वाजवताना गावाने धरलं होतं की बंगले सगळं भरतील. पण बंगले मोजून मूठभर आणि वाड्या पसरलेल्या. मूठभर माणसं कितीही श्रीमंत असली तरी अख्ख्या गावाची तहान त्यांच्या खिशातून भागत नाही. बराच हातभार लागतो हे मात्र खरं. तो लागला नसता तर आम्ही वीज कार्यालयाच्या दारातही उभ्या राहिलो नसतो.

पुढच्या ग्रामसभेला इनामदार खरोखरच आले. सतरंजीवर मांडी घालून बसले, गुडघे दुखत असणार, पण खुर्ची घेतली नाही. हिशेब वाचून झाला तसा त्यांनी हात वर केला.

"कड्यावरच्यांनी भरली. चांगलं झालं. पाणीपट्टी गावातल्या किती घरांनी भरली?"

मी आकडा वाचला. निम्मी घरंसुद्धा नव्हती. सगळ्यात मोठे थकबाकीदार होते बबन गोताड, म्हणजे वहिनींचे सख्खे दीर. ते खांबाच्या आड सरकले. वहिनींनी पाहिलं.

"भावजी, उठा. कदी भरताव?"

"वहिनी, घरातली गोष्ट घरात बोलू ना..."

"ह्यी पंचायत हाय, घर नाय. आणि घरात विचारला तर तुमी जेवान सोडून जाताव."

सभा हसली. बबनरावही हसले, दुसरा इलाजच नव्हता. "शनवारी भरतो," म्हणाले. मागून कुणीतरी, "कुठल्या शनवारी?" असं ओरडलं आणि परत हशा.

त्या हशात एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, आता बोलनंच झालंय तर एक सांगतो. ओढ्याजवळ पाइप फुटलाय तो कोन बघनार? मी दचकले. कसला पाइप? तेव्हा कळलं की टाकीकडे जाणारी मोठी लाइन ओढ्याच्या काठी कित्येक वर्षं गळत होती. ऐन उन्हाळ्यात तिथे हिरवंगार गवत उगवायचं, गुरं चरायची, म्हशी डुंबायच्या. वाडीतल्या लोकांना तो देवाचा प्रसाद वाटायचा. आणि इकडे टाकी भरत नाही म्हणून पंप दिवसभर धावत होता, आणि बिल फुगत होतं. म्हणजे आम्ही विजेचं बिल चढवून म्हशींना तरणतलाव करून दिला होता, आणि त्याची मात्र आकारणी नव्हती.

पुढचे आठ-पंधरा दिवस ग्रामपंचायतीत मी कधी पाहिली नव्हती अशी गर्दी झाली. लोक पट्टी भरायला येत होते. काही कुरकुरत, काही मिशीला पीळ देत. मी एका आजोबांना विचारलं, इतकी वर्षं नाही, आताच कसं सुचलं? ते म्हणाले, "कड्यावाल्यांनी भरली, आमी नाय भरली तर त्यांच्यासमोर तोंड कसा दाखवायचा? आदी ते पन भरीत नव्हते, मग आमीच काय म्हणून भरायची?" अर्थशास्त्र मी शिकलेले नाही. पण मोठ्याने भरली की धाकट्याची सबब जाते, हे मी वसुलीच्या खिडकीत बसून पाहिलं. बंगल्यांच्या पैशाने बिल निम्मं फिटलं. उरलेलं निम्मं बंगल्यांनी भरल्याच्या लाजेने फिटलं. पाइप जोडला, पंप दिवसाचे थोडेच तास चालायला लागला. बबनरावांनी शनिवारीच भरली. वहिनी खिडकीच्या आत उभ्या होत्या, बहुधा त्यामुळे.

तूट कायमची गेली असं मात्र समजू नका. पुढल्या पावसात एक मोरी वाहून गेली आणि आमची परत ओढाताण झाली. तूट ही गावच्या गुरासारखी, हाकलली तरी संध्याकाळी दारात येते. पण नळाला पाणी आलं, ते मी तिथे असेपर्यंत परत गेलं नाही.

वीज जोडली गेली आणि थोड्याच दिवसांत शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. कड्यावर ती कधीच जात नसे. ती बाहेरच्यांची घरं, गावात धरलेली नाहीत. त्या वर्षी मानकऱ्यांची बैठक झाली आणि ठरलं, इनामदारांकडे पालखी न्यायची. मी बौद्ध. पालखी आमच्याकडे येत नाही आणि मी तिला हात जोडत नाही. पण वहिनींनी मला ओढूनच नेलं. "हात नका जोडू. बगाया तरी या. हे तुमच्या टेपनं झालंय."

ढोल वाजवत सगळी वाट चढून माणसं कड्यावर गेली. इनामदार दारात उभे होते, नवा सदरा घातलेले, आणि सुनावणीत जितके ठाम होते तितकेच इथे घाबरलेले. त्यांच्या बायकोने देवीची ओटी भरली. मग चारजणांनी पालखी उचलून नाचवायला सुरुवात केली आणि शंकर माळ्याने आपला खांदा काढून साहेबांना हाक मारली. इनामदारांनी चपला काढल्या. तापलेल्या कातळावर त्यांनी दोन पावलं जपून टाकली, तिसऱ्याला पालखीनेच त्यांना ओढलं. चष्मा उडाला, सदरा बाहेर आला, आणि तो करड्या शिस्तीचा माणूस लहान मुलासारखा ओरडत अंगणभर गरगर फिरला. वहिनी डोळ्याला पदर लावून हसत होत्या.

पालखी टेकवल्यावर ते पायरीवर बसले, धापा टाकत. त्यांच्या बायकोने पाणी दिलं आणि मुख्य मानकऱ्यांना अगदी हळू आवाजात विचारलं, "पुढच्या वर्षी पण येईल ना हो पालखी?"

मानकऱ्यांनी एकदा बंगल्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घर हाय तवर येनार, बाय."

घरपट्टीचंही तसंच असतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. सणाच्या दिवशी असलं बोलू नये.